आबा रान बघून आले

सोलापुरात बारावीच्या निकालाचे दिवस आले की मला आठ दिवस कुठंतरी निघून जावंसं वाटतं. उन्हामुळं नव्हे, उन्हाची आम्हाला सवय आहे. आमच्या गल्लीतलं कुत्रं दुपारी नळाच्या कट्ट्याजवळच्या ओलीत जाऊन पडतं, आणि नळाला पाणीच चार दिवसाआड येत असल्यामुळं बाकीचे दिवस नुसतं ओलीच्या आशेवर पडून राहतं. माणसांचंही साधारण तसंच चालतं. मला पळून जावंसं वाटतं, कारण या दिवसांत पोरं विचारायला येतात. "ताई, कुठं ॲडमिशन घेऊ?" मी डोंगरातल्या विद्यापीठात शिकून आलेली, म्हणजे मला हे ठाऊक असणार, असं सगळी गल्ली धरून चालते.

परवा शेजारच्या पद्मा अक्का नातीला घेऊन आल्या. अक्का विड्या वळतात, घरात तेलुगू बोलतात आणि माझ्याशी मराठीत भांडतात. "तू जाऊन आली की लांब? मग सांग हिला, जाऊ का नको," म्हणाल्या. नातीच्या मोबाईलवर दोन कॉलेजं होती. एक इथलं, रिक्षानं दहा मिनिटांवरचं, आणि एक पार केरळातलं. ती माझ्या तोंडाकडं बघत बसली. मी दोघींना सरबत दिलं, केरळात पाऊस फार असतो असं काहीतरी बोलले, आणि त्या गेल्यावर स्वतःवरच चिडले. सात वर्षं झाली, तरी माझं स्वतःचं कसं ठरलं हे मला अजून धड सांगता येत नाही.

तेव्हा मी सोलापुरात मामाकडं राहायचे. मामा एसटीत कंडक्टर. आमचं गाव सांगोल्याकडं, पण गावात घर असलं तरी माणसं घरात कमीच. आम्ही मेंढरं राखणारे. दिवाळी झाली की आबा, म्हणजे माझे वडील, आई, चुलते, भावकीतली आणखी दोन घरं आणि दोन-अडीचशे मेंढरं असा सगळा वाडा निघायचा. आमच्यात वाडा म्हणजे दगडमातीची इमारत नव्हे. घोड्याच्या पाठीवर सामान लादून चालणारा संसार, तो वाडा. तो अकलूजच्या बागायतीकडं जायचा. ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांचं खत शेतकऱ्याला आणि त्याच्याकडचे जोंधळे आपल्याला, आणि पाऊसकाळ जवळ आला की परत. सातवीपर्यंत प्रत्येक सुट्टीत मी वाड्याबरोबर असायचे. पुढं शाळा बुडायला नको म्हणून आईनं मला मामाकडं आणून सोडलं. "हिला मेंढरामागं फिरवायची न्हाय," एवढंच तिनं भावाला सांगितलं आणि त्याच एसटीनं ती परत गेली.

तर त्या वर्षी मला बारावीला बरे मार्क पडले. इथल्या फार्मसी कॉलेजात नंबर लागणार हे नक्की होतं. मामाच्या मनातही तेच होतं. निम्मा जिल्हा त्याच्या गाडीत बसून गेलेला, त्यामुळं बार्शीकडच्या कुठल्या गावात मेडिकलचं दुकान चालेल हेही तो ठरवून बसला होता. घोळ घातला आमच्या बायोलॉजीच्या मॅडमनी. त्यांनी मला उत्तरेकडच्या एका डोंगराळ विद्यापीठाचा फॉर्म भरायला लावला. पर्यावरणाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम, निवड झाली तर फी माफ, राहणंखाणं त्यांच्याकडं. मी भरला. त्या वयात कुणी भर म्हटलं की मी भरत असे.

मामाच्या मोबाईलवर त्या विद्यापीठाचे फोटो आम्ही पत्र्याच्या खोलीत, टेबलफॅनसमोर, ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बघितले. हिरवे डोंगर आणि त्यांच्यामागं पांढरे डोंगर. पोरंपोरी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या घेऊन चाललेली. तंबूत झोपलेली. चुलीवर भात शिजवतायत आणि धुराकडं कौतुकानं बघतायत. प्लास्टिक आणायचं नाही, आपलं ताट आपण धुवायचं, अंघोळीला एकच बादली, दर रविवारी सगळ्यांनी चालत डोंगरात जायचं. खाली लिहिलं होतं की इथं निसर्गाबरोबर राहायला शिकवलं जातं. मी मामीला मराठीत सांगितलं. मामी म्हणाली, "अगं, हे तर तुझ्या आईचं वर्णन झालं की."

मला हसू आलं, पण टोचलंही. आई एका तांब्यात तोंडहातपाय धुऊन वर भांडंही विसळायची. आम्हीही कापडाखालीच झोपायचो, फक्त त्याला तंबू न म्हणता पाल म्हणायचो. ते गळायला लागलं की आई आम्हाला कोकरांच्या मधे सरकवायची. ओल्या लोकरीचा तो उबट, आंबूस वास मला आजही कुठं आला तर डोळे जड होतात. पण त्यातनं बाहेर पडावं म्हणून तर मला शहरात आणून टाकलेलं. आईनं जे सुटावं म्हणून जीव आटवला, तेच शिकायला दोन दिवस गाडीत बसून जायचं, आणि तेही इंग्रजीत. हे काही केल्या माझ्या डोक्यात बसेना.

फॉर्ममध्ये एक रकाना होता: रानात चालण्याचा, उघड्यावर मुक्काम करण्याचा काही अनुभव आहे का. मी 'नाही' लिहिलं होतं. खोटं लिहितेय असं मनातही आलं नव्हतं. जूनच्या सुरुवातीला तिथल्या एका प्राध्यापक बाईंचा मुलाखतीसाठी फोन आला. हिंदीत बोलत होत्या. वडील काय करतात म्हणाल्या, मी सांगितलं. मेंढरं कुठं नेतात, तू जायचीस का, झोपायचात कुठं, लांडगा यायचा का. त्या विचारत गेल्या आणि मी सांगत गेले. मग त्या म्हणाल्या, "मग अनुभव नाही असं का लिहिलंस?"

मी म्हणाले, "मॅडम, तो अनुभव नाही. ते घरचं काम आहे."

चार दिवसांनी निवड झाल्याचं कळलं आणि माझं चित्त थाऱ्यावर राहीना.

मामानं पहिला प्रश्न विचारला तो हा: "म्हंजे तुला मार्कावर घेतलं का मेंढरावर?" मी त्याच्यावर चिडले, पण रागाचं खरं कारण हे, की तो प्रश्न मलाही पडला होता. पंधरा दिवसांत कळवायचं होतं. त्या दिवसांत मी भेटेल त्याला विचारत सुटले. सकाळी पाणी भरताना मी फार्मसीची असायचे, संध्याकाळी गच्चीवर वारा सुटला की डोंगराची. किराणा दुकानदार म्हणाला फार्मसी. मॅडम म्हणाल्या डोंगर. पद्मा अक्का म्हणाल्या, तिकडं चपाती खातात, तुला भाकरी मिळणार नाही. प्रत्येकाचं ऐकताना मान डोलवायचे आणि प्रत्येकाचं खरं वाटायचं. माझं असं मत काही सापडत नव्हतं, आणि ते असायला हवं याची लाजही वाटत होती.

शेवटी आबांना फोन लावला. वाडा अकलूजकडनं परतीच्या वाटेला लागला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "कवा सांगायचं हाय?" म्हणाले. मी म्हणाले, अजून अकरा दिवस. "मग बघून येतो," आबा म्हणाले.

वाडा हलवायच्या आधी आमच्यातला एक माणूस पुढं जाऊन रान बघून येतो. पाणी कुठं, चारा किती, गावकरी कसे, लांडगा आहे का, विषारी पाला आहे का. मग परत येऊन सगळ्यांसमोर बसून सांगायचं. चांगलं तेवढंच वाईटही सांगायचं, राखून काही ठेवायचं नाही, कारण त्याच्या शब्दावर सगळी माणसं आणि सगळी जित्राबं निघणार. फार मागं एकानं, सासुरवाडीच्या अंगाला जायची ओढ म्हणून, ओढा आटलाय हे सांगितलंच नव्हतं. त्याला पुढं कुणी रान बघायला पाठवलं नाही, हे आमच्यात अजून सांगतात. आमच्या वाड्यात हे काम वीस वर्षं आबांकडं होतं.

"दाजी, ते कॉलेज हाय, रान न्हाय," मामानं समजावून बघितलं. "समदे फोटो हायती की मोबाईलमदी."

"फोटूत पान्याची चव कळत न्हाय," आबा म्हणाले. मेंढरं चुलत्यांवर सोपवून ते सोलापूरला आले. मामीनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. धोतर, लाल पटका, खांद्यावर घोंगडं, अशा थाटात आबा भर उन्हात दिल्लीच्या गाडीत चढले. त्यांना हिंदी 'क्या' आणि 'कितना' एवढंच येत होतं. मला स्टेशनवर आजूबाजूच्या लोकांची लाज वाटली, आणि लाज वाटल्याबद्दल परत वाईट वाटलं. पुढच्या आठ दिवसांत त्यांचे दोन फोन आले. एक "पोचलो" आणि एक "निगालो".

मी त्या आठ दिवसांत काहीच ठरवलं नाही. आबा म्हणतील तसं, असं स्वतःला सांगून मोकळी झाले. पहिल्यांदाच नीट जेवले.

आबा परत आले ते ओठ फुटलेले, टाचा सोललेल्या. अंघोळ झाल्यावर मामाच्या खोलीत मांडी घालून बसले. आम्ही समोर. पद्मा अक्काही विड्यांचं सूप घेऊन उंबऱ्यात येऊन बसल्या. आबांनी वाड्यात सांगायचे तसंच सांगायला सुरुवात केली.

"पानी लई हाय. झऱ्याचं, दात आंबत्यात इतकं गार. उन्हाळ्यात आटत न्हाय, मी इचारून घेतलं. गवत वळखीचं दोनच जातीचं. झाडं उंच, पन पाला सुईवानी, त्याच्या खाली काय उगवत न्हाय आन पाय घसरतो. चपला चांगल्या घे. पावसात जळवा लागत्यात म्हनं, मीठ जवळ ठेवायचं. बिबट्या हाय. तितल्या कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी काट्याचा पट्टा असतो."

"पोरं कशी आहेत?" मामीनं विचारलं.

"पोरं धडधाकट. ताटं आपली आपन धुत्यात, पन येळ लई लावत्यात. येक मास्तर अनवानी हिंडतो. गरीब न्हाय, हौस हाय त्याला." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पोरींच्या खोल्या वरल्या अंगाला. दाराला आतनं कडी हाय. मी लावून बघितली."

मी विचारलं, "आणि वाईट काय?"

आबांनी कमरेची चंची काढली, उघडली आणि तशीच बंद केली. "थंडी," म्हणाले. "थंडी लई हाय, बाय."

"मग जाऊ?"

"रान चांगलं हाय," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी होकार कळवून टाकला. मामा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तिसऱ्या दिवशी एक दणकट बॅग घेऊन आला आणि तिची चेन कशी लावायची ते मला दहादा दाखवलं.

तिथं गेल्यावर पहिल्याच रविवारी सगळ्या नव्या पोरांना डोंगरावर नेलं. दोन तास चढून आम्ही एका तारेच्या कुंपणाशी पोचलो. कुंपणाच्या आत गवत गुडघ्याएवढं, मधून मधून लावलेली रोपं तरारलेली. बाहेर जमीन उघडी, दगड वर आलेले. वरच्या वर्गातला एक मुलगा फार आपुलकीनं सांगत होता. पूर्वी इथं मेंढपाळ यायचे, मेंढ्यांनी हा डोंगर खाऊन टाकला होता. विद्यापीठानं चराई बंद केली, पोरांनी खड्डे खणले, आणि आता पक्षी परत आलेत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझे हात वाजतायत हे मला जरा उशिरा कळलं.

खोटं म्हणावं तर फरक डोळ्यांना दिसत होता. खरं म्हणावं तर अकलूजकडचे शेतकरी आमची मेंढरं आपल्याच रानात बसावीत म्हणून आबांच्या मागं लागायचे, आणि मेंढरं बसलेल्या तुकड्यातलं पीक बांधावरनं वेगळं ओळखू यायचं, हेही मी याच डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन्ही खरं असेल तर मी कुठल्या बाजूला उभी आहे, हे मला समजेना. मी कुंपणाच्या आत होते, एवढं मात्र खरं.

उतरताना फाटकावरच्या म्हाताऱ्या राखणदारानं विचारलं, कुठली तू. सोलापूर म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. लाल पगडीवाले तुझे कोण, म्हणाला. दोन दिवस ते इथंच येऊन बसायचे म्हणे, कुंपणाच्या बाहेर. खालच्या गावातला एक मेंढपाळ यायचा. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण दोघं मेंढीचं तोंड उघडून दात बघायचे, खूर बघायचे, आणि त्या मेंढपाळानं हातवारे करून कुंपणाचं सगळं सांगितलं होतं. तुझे वडील फार वेळ तार धरून उभे होते, म्हणाला.

खोलीवर येऊन मी आबांना फोन लावला. "आबा, तुम्ही डोंगरावरचं कुंपण बघितलं होतं?"

पलीकडं मेंढरांचा आवाज येत होता. "बघितलं की."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?"

मी म्हणाले, "नसते आले."

"मग," आबा म्हणाले, आणि जेवलीस का ते विचारलं.

मला त्यांचा राग आला होता. लहान पोर समजून फसवलं असं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटत होतं की आता परत जायला कुणी सांगू नये. दोन्ही एकदमच वाटत होतं. चार वर्षं तिथं काढली, पुढं तर मी त्याच कुंपणातल्या रोपांना पाणीही घातलं. आता इकडं येऊन सांगोला-मंगळवेढ्याच्या माळांवर गवतांच्या नोंदी करते. एखाद्या माळाबद्दल लिहिते की इथं दोन वर्षं चराई थांबवावी, शेजारच्या माळाबद्दल लिहिते की मेंढरं आली नाहीत तर इथलं गवत उलट खराब होईल. ऑफिसातले साहेब म्हणतात, एक काहीतरी ठरवा. मेंढपाळ म्हणतात, तू आपल्यातली असून असं लिहितीस व्हय. मला दोघांचंही पटतं, हीच तर पंचाईत आहे.

अक्कांच्या नातीला उद्या बोलावलंय. तिला काय सांगायचं याची अजून जुळवाजुळव चालली आहे. खरं म्हणजे काय सांगायचं नाही, याचीच.

त्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी आले. वाडा निघायची तयारी चालली होती. दिवस मावळायच्या आत सगळे अंगणात जमले, आणि रान कसं आहे ते सांगायला चुलते उठले. मला वाटलं आबा आजारी आहेत का काय. पण ते होते, पार कडेला, खुंट्याला दोर बांधून तो वळत बसलेले. चुलत्यांना सवय नव्हती, ते अडखळत होते. पाण्याचं सांगायचं राहूनच गेलं, तेव्हा दोघा-तिघांनी आबांकडं बघितलं. आबांनी मान वर केली नाही.

मी आईला हळूच विचारलं, "आबा का नाही गेले?"

"म्या बी इचारलं," आई म्हणाली. "म्हनले, माज्या सांगन्याव आता वाडा हलवू नगा. का, त्ये न्हाय सांगितलं. तुला म्हाईत हाय का गं काय?"

मी नाही म्हणाले. उठून आबांच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी खुंट्याचा दोर सोडवला, ते टोक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "वढून धर."